वनिता, तू छातीत दुखतंय म्हणाली होतीस

वनिता, तुझ्या आईशी मी खोटं बोलले. हे आधी सांगून टाकते, नाहीतर बाकीचं लिहिता लिहिता मी ते कुठेतरी गुंडाळून ठेवीन. मला ती खोड आहे, तुला माहीत आहे. मराठीची बाई ना मी. शब्दांच्या ढिगाखाली काहीही पुरता येतं आम्हाला.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. आश्रमशाळेत तुझे तास मी घेतेय, कारण दुसरं कोणी नाही. विज्ञान, आणि मी! परवा नववीतल्या पोरींना पेशीचा धडा पुस्तकातून वाचून दाखवला. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तू कधी वाचून दाखवायची नाहीस. मग एकजण हळूच म्हणाली, "बाई, वनिता बाई मांडव सांगायच्या." मी खडू ठेवला आणि म्हटलं, गप बसून आकृती काढा.

मांडवावरून आपण दोघी किती भांडलो असू गं. आपण दोघी पोशेऱ्याच्या, तू माहेरची आणि मी सासरची. तुमच्या आणि आमच्या घराच्या मधे एक ओहोळ. सकाळी एकाच जीपमधे कोंबून शाळेला जायचं आणि वाटेत तुझी प्रथिनं सुरू व्हायची. प्रोटीन म्हणजे शाळेत मिळतात ती अंडी, एवढं आमचं ज्ञान. तू कपाळावर हात मारायचीस. "ताई, अंडी खाऊन झाल्यावर पुढे काय होतं ते बघ की! पेशी म्हणजे काय पाण्याने भरलेली पिशवी वाटते तुला? आत सांगाडा असतो. हाडांचा नाही, धाग्यांचा. ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे मणी एकापुढे एक लागतात, त्याचा धागा होतो."

"आणि तुटला म्हणजे?"

"तुटायलाच पाहिजे! लग्नाचा मांडव बघ. या घरचं लग्न झालं की सोडायचा, त्याच मेढी पुढच्या घरी नेऊन रोवायच्या. पेशी अशीच पुढे सरकते. पुढच्या टोकाला मणी लागतात, मागच्या टोकाचे सुटतात. सुटलेले परत पुढे. सुटलेच नाहीत तर पुढे लावायला आणायचे कुठून?"

मग तू कामाला माणसं लावायचीस. एक प्रथिन धागा कापतं. एक टोकावर टोपी घालतं, की बस, आता वाढू नकोस. एक धाग्याला फांदी फोडतं. मायोसिन धागे धरून ओढतं. आणि कोणी कधी काय करायचं ते सांगणारी प्रथिनं आणखी वेगळीच. मी म्हटलं, "म्हणजे मुकादम." तू टाळी दिलीस. पुढच्या सीटवरून ड्रायव्हर म्हणाला, "बाई, मांडव कुणाचा हाय? आम्हाला नाय बोलावलं." अख्खी जीप हसली. मला तेव्हा तुझा थोडा राग यायचा, खरं सांगते. एवढी हुशार, एवढ्या लांबचं बोलणारी, आणि बसलीस कुठे, तर माझ्या मांडीला मांडी लावून, कोंबड्यांच्या टोपलीवर पाय ठेवून.

तू मोबाईलवर पोरांना ती पांढरी पेशी दाखवलीस तो दिवस आठवतो? जंतू पळतोय, पेशी त्याच्या मागे, कधी इकडून हात काढतेय, कधी तिकडून. मुलं कबड्डीला ओरडतात तशी ओरडत होती. मी शेजारच्या वर्गातून भांडायला आले आणि दारातच उभी राहिले. तू म्हणालीस, "तिला ना डोळे, ना पाय. फक्त आतले धागे बांधतेय आणि सोडतेय." मी विचारलं, "मग तिला कळतं कसं कुठे जायचं?" तू म्हणालीस, "हे सगळं नीट कळलं असतं तर मी इथे असते का?" आणि हसलीस. ते हसणं मला चांगलं कळलं होतं. तुला परत शिकायला, प्रयोगशाळेत जायचं होतं.

आणि प्रयोगवही! देवा, त्या प्रयोगवहीवरून तर आपलं कायमचं वाकडं. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आमची पोरं पुस्तकातल्या विटांची भिंत काढून मोकळी. तू लाल पेनाने सगळं खोडायचीस. "तुला दिसलं ते काढ. दिसायला हवं होतं ते नको." मी म्हणायची, अगं, बाहेरून येणारा परीक्षक पुस्तकातलीच आकृती बघतो, पोरांचे मार्क जातील. तू म्हणायचीस, जाऊ देत. हट्टी म्हणजे किती हट्टी! पण त्यांच्या वह्यांत खरंच वाकडेतिकडे, फुटके कांदे यायला लागले. त्या वह्या मी कपाटात कुलूप लावून ठेवल्यात. कोणाला देणार नाही.

तुझं दुखणं मला कळलं ते एका शनिवारी दुपारी. शाळा सुटली होती. तू म्हणालीस, "ताई, ये, गंमत दाखवते." स्वतःचं बोट टोचलंस, काचेवर थेंब घेतलास, वर दुसरी काच ठेवून कडेने व्हॅसलीन लावलंस. हवा जाऊ नये म्हणून. आपण चहा प्यायलो. मग म्हणालीस, बघ आता. मी बघितलं. गोल गोल दिसायला हव्यात त्या पेशी लांबट, टोकदार, विळ्यासारख्या झालेल्या. मला वाटलं हा काहीतरी शाळेचा प्रयोग. मी म्हटलं, "छान आहे की! कोणाचं रक्त आहे हे?" अशी मी. समोर तू बोटाला कापूस लावून बसलेली.

तू पर्समधून ते लाल कार्ड काढलंस. सिकलसेल. शाळेत असतानाच तपासणीत निघालेला. आईला माहीत होतं, पण आईच्या लेखी ते "हाडं ठणकायचं दुखणं". बाकी गावात कोणाला नाही. मग तू व्हॅसलीन पुसून काच सैल केलीस आणि मला परत बघायला लावलंस. हवा लागल्यावर बऱ्याच पेशी हळूहळू गोल झाल्या. काही झाल्या नाहीत. "त्यांचा आतला सांगाडा अडकलाय," तू म्हणालीस. "दहा वेळा वाकायचं, दहा वेळा सरळ व्हायचं, असं करता करता त्या ॲक्टिनमधेच एक गाठ बसते. मग धागे सुटायला पाहिजेत तेव्हा सुटत नाहीत. हवा मिळाली तरी ती पेशी वाकडीच राहते, आणि बारीक नळीत जाऊन अडकते." तुझा आवाज वर्गात असतो तसाच होता. "ती गाठ सोडवता येईल का, एवढंच मला शोधायचंय. बाकी मला काही नको."

मी रडायला लागले, तर तू मलाच ओरडलीस. मग बोटं मोजून सांगितलंस. थंडी, तहान आणि दमणूक. या तिघी जवळ आल्या की समजायचं आता खैर नाही. "हे फक्त तुला सांगतेय ताई. मला काही झालं तर तुला तरी माहीत असावं."

मला माहीत होतं, वनिता. तुझ्या आईपेक्षा जास्त माहीत होतं. या अख्ख्या तालुक्यात, एक दवाखाना सोडला तर, फक्त मलाच माहीत होतं.

भाताच्या आवणीच्या आधी आठवडाभर आपण बोलत नव्हतो, हे आता कोणाला सांगू? तुला पुण्याच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं होतं. तू पेढे घेऊन आलीस आणि मी पेढा हातात धरून म्हटलं, "मग इथल्या पोरांचं काय? तीही वाऱ्यावर?" मी सुटलेच होते. शिकवलं कोणी, मोठं केलं कोणी, आणि पंख फुटले की सगळे असेच. काय काय बोलले. तू एवढंच म्हणालीस, "ताई, माझ्याकडे तुझ्याइतकी वर्षं नाहीयेत." मला वाटलं, लावला हिने दुखण्याचा धाक. असं वाटलं मला! जीभ झडली कशी नाही माझी.

खरं कारण सांगू? तू गेल्यावर जीपमधे माझ्या शेजारी कोण बसणार, हे होतं माझं दुःख. पोरांचं नाव मी पुढे केलं.

मग तो रविवार. आमची आवणी. तुमच्या आवणीला मी दोन दिवस आले होते, त्यामुळे सावडीने तुमच्या घरचं माणूस आमच्याकडे यायलाच हवं. तुझी आई यायची होती, पण काकींना ताप. सकाळी बघते तर पाठीवर इरलं घेऊन तू ओहोळ ओलांडून येतेयस. मला आनंद झाला. अबोला सुटला म्हणून. तुझं कार्ड, तुझी ती तीन बोटं, काही काही आठवलं नाही मला. फक्त वाटलं, आली बाई, राग गेला हिचा.

पाऊस धरूनच होता. आपण सगळ्या ओळीने वाकून मागे मागे सरकत रोपं लावत होतो. अशा पावसात कोण पाणी पितं? आणि बाया तर शेतात पितच नाहीत, मग जायचं कुठे? दुपारची भाकर झाली. तू अर्धीच खाल्लीस. नंतर दोनदा बांधावर सादड्याच्या झाडाखाली जाऊन बसलीस. मी बघितलं. शेवटचं खाचर राहिलं होतं, ओहोळाला लागून, सगळ्यात गार पाण्याचं.

तेव्हा तू माझ्याजवळ आलीस. हळू, इतरांना ऐकू जाणार नाही अशी म्हणालीस, "ताई, छातीत दुखतंय. मी वर घरी जाते."

आपल्याकडची रीत तुलाही ठाऊक आणि मलाही. सावडीला आलेला माणूस अर्ध्यातून गेला तर त्या घराचा दिवस धरत नाहीत. पुढच्या वेळी त्यांच्या शेतात एक हात कमी. पण जिचं शेत ती म्हणाली, "जा, तुझा दिवस धरला," की मिटलं. कोणी काही बोलत नाही. तू परवानगी मागत होतीस. तुझी आई एकटी, तिला कोणी उणंदुणं बोलू नये म्हणून तू माझ्या तोंडून तेवढं एक वाक्य ऐकायला थांबली होतीस.

मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, "एवढं खाचर राहिलंय, सगळ्याच जाऊ की! पुण्याला जायच्या आधीच पुणेकरीण झालीस का गं?"

बाया हसल्या. तूही हसलीस. आणि परत खाली वाकलीस. ते खाचर तू पुरं लावलंस, माझ्या शेजारी, माझ्या ओळीला ओळ लावून. मला माहीत होतं मी काय करतेय का? नाही. हो. थोडं माहीत होतं. तुला थोडं टोचावं एवढंच मला हवं होतं. थोडंच.

सकाळी काकींनी हाक मारली तेव्हा तुला श्वास घेववत नव्हता. जीप मिळवून मोखाड्याला नेलं, तिथून जव्हारला. काकी तापातच, गोधडी गुंडाळून तुझं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या. जव्हारला डॉक्टर धावले, लगेच ऑक्सिजन लावला, कोणी कुठे कमी पडलं नाही. त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

काकी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "रात्रीपासून."

तू ऐकलंस. मास्क लावलेला होता, पण डोळे उघडे होते, आणि तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं कसलं होतं, वनिता? सोळा दिवस मी तेच उलटून पालटून बघतेय. राग होता का? की, राहू दे ताई, असं होतं? की तुला नुसतंच दुखत होतं आणि मी समोर होते, एवढंच? मी दुपारपासून म्हटलं असतं तर त्यांनी वेगळं काही केलं असतं का? डॉक्टरांना विचारायची हिंमत नाही झाली माझी. नंतर ते म्हणाले, फुप्फुसातल्या बारीक नळ्या तुंबल्या. नाशिकला हलवायचं ठरलं. गाडी परत आपल्याच रस्त्याने मोखाड्याकडे निघाली. आपल्या फाट्यावरून पुढे गेली तेव्हा तू होतीस. घाट चढताना नव्हतीस.

तेव्हापासून काकी एकच वाक्य बोलतात. भेटायला येईल त्याला. "मीच धाडली माझे पोरीला. मना ताप होता, मीच धाडली." लोक म्हणतात, तुझा काय दोष. त्या ऐकत नाहीत. जेवत नाहीत. तुझ्या दिवसाच्या जेवणालाही पानावरून उठल्या. "मी नसती धाडली तर पोर जिती होती." आणि मी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवते. मी! पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, शेतात काय बोलली का ती? दुखतंय म्हणाली का? मी म्हटलं, नाही काकी. चांगली हसत होती.

पंधरा दिवस मी हे निभावलं. शाळेत जायचे, तुझा तास घ्यायचे, येताना काकींकडे बसायचे आणि माझं पाप त्या कुरवाळत बसलेल्या बघायचे. घरी आले की हे विचारायचे, काय झालं, जेवत का नाहीस? मी म्हणायचे, अंगात कसर आहे. त्या खाचराकडे मी अजून फिरकलेले नाही.

काल शाळेतून आले ती थेट गेले. काकी चुलीपाशी होत्या. ओली लाकडं पेटत नव्हती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं. तू काय म्हणालीस, मी काय म्हटलं, बाया कशा हसल्या, डॉक्टरांना मी काय सांगितलं. मला वाटलं त्या मारतील. मारावं असंच वाटत होतं. फुंकणी हातातच होती त्यांच्या.

त्यांनी चुलीतलं एक ओलं लाकूड मागे ओढलं. मग विचारायला लागल्या, एक एक.

"पाणी मांगला का तिने?"

"नाही."

"तू दिला का?"

"नाही काकी."

"बसली कुठं?"

"बांधावर. सादड्याखाली."

"इरलं होता अंगावर?"

"होतं."

त्यांनी मान हलवली. इरलं होतं एवढं ऐकून त्यांना बरं वाटलं, मला दिसलं ते. मग फुंकणी खाली ठेवली, माझ्याकडे वळल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मना हाक मारली का तिने? गाडीत माझा डोळा लागला होता जरा. आये म्हणाली का? एकदा तरी?"

मी त्यांच्या शेजारीच बसले होते गाडीत. तू काहीच म्हणाली नव्हतीस. तुझ्यात बोलायला श्वासच नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "नाही म्हणाली."

काकी परत चुलीकडे वळल्या आणि फुंकत राहिल्या. मी उठून आले. ओहोळापाशी येईपर्यंत मागून फुंकणीचा आवाज येत होता.

पंधरा दिवस मी खोटं बोलत होते वनिता, डॉक्टरांशी, गावाशी, तुझ्या आईशी, आणि ते मला सहज जमत होतं. ज्या एका खोट्याने त्या बाईला जगायला काहीतरी मिळालं असतं, तेवढं एक माझ्या तोंडातून निघालं नाही गं.